लवंगीचा होकार

वहिनीला एकच व्यसन होतं, दुसऱ्याच्या पोटातलं काढून घ्यायचं. आणि धंदाही तिला नेमका त्याच्या सोयीचाच मिळाला होता. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर. खाली-वर होणारी एक खुर्ची, समोर भिंतभर आरसा, कोपऱ्यात केस धुवायचं बेसिन आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडं. बाईच्या मानेला टॉवेल गुंडाळला आणि डोक्यावर कोमट पाणी सोडलं की बाई आपोआप बोलायला लागते. कुणाची सासू कशी, कुणाच्या लेकीचं कुणाशी चाललंय, कुणाच्या नवऱ्याची नोकरी कशानं गेली, सगळं त्या बेसिनमधून वाहून जाण्याआधी वहिनीच्या कानावरून जायचं. चहाडखोर नव्हती हं ती. इकडचं तिकडे करायची तिला मुळीच हौस नव्हती. तिला फक्त कळायला हवं असायचं. एखादी गोष्ट अर्धवट कळली तर तिला घास गोड लागायचा नाही.

अशा बाईच्या घरी सख्खी नणंद इतक्या वर्षांनी परत आलेली, आणि तिला एक अक्षर विचारायचं नाही असा हुकूम! आता बोला.

हुकूम नवऱ्याचा होता. नवरा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यात उभं राहून काम, त्यामुळे की काय कोण जाणे, बोलणं मोजकंच. पण बहीण घरी यायच्या आदल्या दिवशी त्यानं बायकोला समोर बसवलं.

"तिला काही विचारायचं नाही. कुठं ठेवलं, कुणी ठेवलं, काय झालं, काही म्हणजे काही नाही. निवारागृहातल्या बाईंनी बजावून सांगितलंय. शपथ घे."

"अहो, मी काय इतकी..."

"आहेस. घे शपथ."

घेतली बिचारीनं. आणि त्या दिवसापासून तिच्या पोटात जो गोळा उठला, तो काही खाली बसेना.

नणंदेचं घरातलं नाव लवंगी. भावानंच ठेवलेलं. अंगानं एवढीशी, पण लवंगी मिरचीसारखी झोंबणारी, आणि तोंडात सदा नन्नाचा पाढा. आंघोळीला चल, नाही. अभ्यासाला बस, नाही. पाहुण्यांना नमस्कार कर, तर मुळीच नाही. दोन गल्ल्या सोडून राहणारा एक एजंट होता, पोरीबाळींना कामाला लावून द्यायचा. परगावी मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत काम आहे, राहायची सोय आहे, असं सांगून त्यानं तिला नेलं. सुरुवातीला फोन यायचे, मग ते बंद झाले. एजंट म्हणायचा, "मजेत असेल, मोठी झाली आता, विसरली तुम्हाला." भाऊ शोधून शोधून थकला. आणि मग एके दिवशी पोलिसांनी कुठल्याशा कुलूपबंद घरातून काही बायका सोडवल्या, त्यांत ही निघाली.

पण सुटली म्हणजे घरी आली, असं थोडंच असतं! आधी निवारागृह. मग जबाब. मग डॉक्टर. मग दुसऱ्या साहेबासमोर परत तोच जबाब. कागदपत्रं एजंटनं काढून घेतलेली, तेव्हा ही लवंगी म्हणजे लवंगीच, हे सिद्ध करायला भावाच्या चपला झिजल्या. तोवर एजंट जामिनावर सुटून, इस्त्रीचा शर्ट घालून, पार्लरच्या समोरून शीळ घालत जायला मोकळा. वहिनीला वाटायचं, हातातला ड्रायर फेकून मारावा मेल्याला.

घरी आलेली लवंगी मात्र भलतीच निघाली. कुठली मिरची आणि कुठला ठसका! चहा घेतेस? हो. अजून घेतेस? हो. जरा टॉवेल वाळत घालतेस? हो. केस झाडून काढतेस? हो. वहिनीला पहिले काही दिवस लॉटरी लागल्यासारखंच वाटलं. ती लग्न होऊन या घरात आली ती लवंगी गेल्यावरच, पण या नणंदेच्या इतक्या कहाण्या तिनं ऐकल्या होत्या की ती धसकाच घेऊन होती. ही तर गाय निघाली. पार्लरमध्ये क्लिपा हातात घेऊन मुकाट उभी राहायची, सांगेल ते करायची.

गिऱ्हाईक बायकांनी आधी नाकं मुरडली. "हिला इथं कशाला उभी करतेस गं?" असं एकीदोघींनी वहिनीला आडून सुचवलंही. एकीनं तर येणंच सोडलं. "जा, उडत जा, पुढच्या चौकातली बाई तुझे केस जाळेल तेव्हा कळेल," असं वहिनी मनात म्हणाली. पण उरलेल्या बायका हळूहळू निवळल्या, कारण लवंगी वागायला फारच चांगली होती. "गुणी आहे हो पोर. इतकं सगळं होऊनही शब्दाबाहेर नाही," त्या म्हणायच्या. नवऱ्याची आत्या तर येऊन तोंड भरून कौतुक करून गेली. जाताना म्हणाली, "माझ्या बघण्यात एक स्थळ आहे. बिजवर आहे, वय जरा जास्त आहे, पण हिला आता असंच मिळायचं. काय गं लवंगी, बघू का?"

"हो," लवंगी म्हणाली.

"बघ! आहे का काही कटकट?" आत्या खूश.

वहिनीला तेव्हाच कुठंतरी खटकलं. पण विचारायची सोय नव्हती ना.

मग आली कोर्टाची तारीख. सुनावणी बंद दाराआड होणार होती, पण साक्षीदार बाईला धीर म्हणून घरातली एक बाई सोबत बसू शकते, असं सरकारी वकीलबाई म्हणाल्या. सरकारी वकीलबाई म्हणजे आपल्या बाजूच्या, जाडजूड चष्म्याच्या, सतत घाईत असलेल्या. वहिनीनं लगेच उडी मारली. भावाच्या हातून बहिणीसमोर बसणं झालं नसतं, हे खरंच. पण आता खोटं कशाला बोला, वहिनीच्या मनात हेही होतं की आपण काही विचारायचं नाही, पण कोर्ट विचारेल आणि आपण नुसतं ऐकलं तर शपथ कुठं मोडते!

कोर्टाची खोली लहान होती. पंखा, टायपिंग करणारी मुलगी, वर न्यायाधीश, सर्दीनं नाक लाल झालेले. एजंट एका बाजूला, पण लवंगीला तो दिसू नये म्हणून मधे पडदा लावलेला. वहिनी मागच्या बाकावर. आधी सरकारी वकीलबाईंनी विचारलं, तेव्हा लवंगीनं हळू आवाजात का होईना, एजंटनं कसं नेलं, कागद कसे काढून घेतले, कसं कोंडलं, ते जबाबात होतं तसं सांगितलं. मग उठला एजंटचा वकील. बोलणं असं की साखर पेरत चाललाय.

"घाबरू नका हं ताई. तुम्ही कामाला स्वखुशीनं गेलात ना?"

लवंगीनं एकदा मान वळवून मागे वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं हसून मान हलवली, म्हणजे बोल, बोल, मी आहे.

"हो," लवंगी म्हणाली.

"तिथं तुम्हाला जेवण मिळायचं?"

परत मागे वळून पाहिलं. वहिनीनं परत मान हलवली. "हो."

"मनात आलं असतं तर तुम्हाला निघून येता आलं असतं?"

"हो."

"माझ्या अशिलानं तुमच्यावर काही जबरदस्ती केली, ही गोष्ट तुम्हाला पोलिसांनी सांगायला लावली, बरोबर ना?"

"हो."

टायपिंगवाल्या मुलीची बोटं चालली होती. पडद्यापलीकडून कुणीतरी सुखानं घसा खाकरला. सरकारी वकीलबाई अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या. तेवढ्यात न्यायाधीशांना शिंका आल्या, घड्याळाकडे बघून ते म्हणाले, उरलेली उलटतपासणी पुढच्या तारखेला. नशीब त्यांची सर्दी!

बाहेर व्हरांड्यात वकीलबाईंनी वहिनीला एका बाजूला घेतलं. "तुमची नणंद माझी साक्षीदार आहे की त्यांची? पुढच्या तारखेलाही असंच झालं तर तो माणूस सुटला म्हणून समजा. आणि वर कागदावर राहील की ही आपणहून गेली होती."

"मग मी तिला घरी नीट पढवते ना. काय बोलायचं ते..."

"खबरदार!" वकीलबाई कडाडल्या. "साक्षीत काय बोलायचं ते एका शब्दानं शिकवायचं नाही. त्या वकिलाला वास जरी लागला तरी सगळंच ओम फस."

म्हणजे विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. वहिनीला वाटलं, मग मला तोंड दिलंय कशाला?

घरी येईपर्यंत तिचा नुसता जळफळाट झाला. असं कसं हो म्हणाली ही? एजंटनं धमकावलं असेल? की काही लाज? की खरंच... छे! नवऱ्याला सांगितलं तर तो जेवता जेवता ताटावरून उठला आणि जाऊन पंख्याचं बटण खोलून दुरुस्त करत बसला. बटण चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पार्लरमध्ये गर्दी नव्हती. बाकड्यावर फक्त बँकेतली बाई, डोक्याला रंग लावून वाट बघत. वहिनीनं लवंगीला खुर्चीत बसवलं. तिचे केस चांगले कमरेपर्यंत होते, लहानपणापासून जपलेले. टोकं तेवढी फाटली होती.

"थोडे कापू का?" वहिनीनं विचारलं.

"हो."

"खांद्यापर्यंत?" हे आपलं गमतीनं.

"हो."

वहिनीचा हात थांबला. "कानापर्यंत?"

"हो."

"अगं, टक्कल करू का सरळ?"

"हो," लवंगी म्हणाली. आणि आरशात वहिनीला दिसलं, की तिच्या दोन्ही मुठी खुर्चीच्या हातांवर आवळल्या आहेत आणि नजर आरशातून सरकत बाकड्यावरच्या बँकेतल्या बाईकडे गेली आहे. अशी, जणू त्या बाईलाच काही होणार आहे.

वहिनीनं कात्री खाली ठेवली. तिचं कुतूहल एकदम ताठ उभं राहिलं, पण या वेळी त्यात गंमत नव्हती. "लवंगी, मी हत्ती आहे का गं?"

"हो."

"आणि ही बँकेतली बाई उडते का?"

"हो."

बँकेतली बाई फिदीफिदी हसली. तिला वाटलं थट्टा चालली आहे. वहिनीला मात्र लख्ख दिसलं. इतके दिवस आपण जिला गाय म्हणून मिरवत होतो, ती कधी हो म्हणालीच नव्हती. तिच्याकडून नुसता हो बाहेर पडत होता. चहालाही, टॉवेलालाही, आत्याच्या त्या बिजवराला आणि कोर्टातल्या वकिलालाही.

पण असं का? आणि माझ्याऐवजी त्या बाईकडे का बघत होती ही? विचारायचं नाही, विचारायचं नाही! वहिनीनं स्वतःच्याच जिभेला दातांखाली दाबलं.

तिनं एक युक्ती काढली. साक्षीतलं काही शिकवायचं नाही ना? नाही शिकवत. घरातलंच शिकवू. नुसता नकार. "आजपासून मी काही विचारलं की मला नाही म्हणायचं. कळलं?"

"हो."

"हो नाही गं बाई! नाही!"

"हो."

दोन दिवस ही झटापट चालली. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं विचारलं, "झोप झाली का?"

"नाही."

"वा! चहा हवा?"

"नाही."

"शाब्बास! बरं, तुझंच नाव लवंगी ना?"

"नाही."

वहिनीनं कपाळावर हात मारला. सोडवायला गेले आणि आणखी गुंता करून बसले! हो म्हण सांगणारे गेले आणि नाही म्हण सांगणारी मी आले, एवढाच काय तो फरक. तो साखरपेऱ्या वकील तर हसून हसून लोळेल. एजंटनं तुम्हाला कोंडलं का? नाही! संपलंच मग.

त्या रात्री ती नवऱ्याला म्हणाली, "मला वाटतं, मला गप्प बसावं लागणार आहे." नवऱ्यानं तिच्याकडे असं पाहिलं की तिला ताप तर नाही ना.

पण बसली ती गप्प. विचारायचं आणि थांबायचं. लाल कंगवा की निळा? आणि थांबायचं. खिडकी लावू की राहू दे? आणि थांबायचं. लवंगी तिच्या तोंडाकडे बघायची, कुठलं उत्तर हवंय ते शोधायची. वहिनी तोंड दगडासारखं ठेवायची. बोलक्या बाईला ही शिक्षाच. कधी कधी गिऱ्हाइकाचे केस वाळून जायचे पण उत्तर यायचं नाही. मग वहिनी म्हणायची, "बरं, राहू दे, उद्या सांग." आणि रागवायची नाही. निदान आरशात दिसेल असं तरी रागवायची नाही.

एकदा संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या नादात वहिनीनं भाजी करपवली. तरी ताटात वाढली, आणि सवयीनं विचारलं, "बरी झालीय ना गं?"

लवंगीनं एक घास खाल्ला. थांबली. "नाही," ती म्हणाली. "जळलीय."

आणि म्हणताक्षणी तिनं झटकन भावाकडे पाहिलं. वहिनीकडे नाही, भावाकडे. घास हातात तसाच, चेहरा पांढराफटक. भाऊ आधी बघतच राहिला. मग एकदम हसायला लागला. इतका हसला की त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. "जळलीच आहे! मी इतकी वर्षं खातोय, माझी नाही हिंमत झाली बोलायची!"

"अहो!" वहिनी ओरडली. "मी शिकवलं आणि माझ्यावरच उलटली! वर तुम्हीही?" पण तिलाही हसू आवरेना. लवंगी दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं हातातला घास परत ताटात ठेवला आणि हळूच ताट पुढे सरकवलं.

त्यानंतर नकार थोडे थोडे यायला लागले. निळा नाही, लाल. आज नाही, उद्या. प्रत्येक नकारानंतर तीच ती नजर, खोलीत जो कुणी तिसरा असेल त्याच्याकडे. टॉवेल गुंडाळलेली गिऱ्हाईक असो की पाणी तापवायचं यंत्र दुरुस्त करायला आलेला माणूस असो. वहिनीला हे कोडं रात्रंदिवस कुरतडायचं. पण एवढं तिच्या लक्षात आलं होतं, की खोलीत तिसरं कुणी नसलं तर पोरीला नाही म्हणणं पुष्कळ सोपं जातं.

मग आत्या आली, बिजवराचं पक्कं करायला. "रविवारी येतायत बघायला. काय गं?"

लवंगी क्लिपा पुसत होती. तिनं एक नजर वहिनीकडे टाकली. वहिनीनं तोंड दगडासारखं केलं. "नाही आत्या," लवंगी म्हणाली. "मला नाही करायचं लग्न."

आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अगं बाई! तोंड फुटलं हिला! तरी मला वाटलंच, इतकी वर्षं बाहेर राहिलेली..." पुढचं तिनं दारात उभं राहून गल्लीलाच ऐकवलं. आणि झालं, आठवड्याभरात सगळा नूर पालटला. काल गुणी म्हणणाऱ्याच बायका आज म्हणायला लागल्या, बघा, शेवटी रंग दाखवलाच. हो म्हणत होती तोवर बिचारी, नाही म्हणाली की निर्लज्ज! वहिनी इतकी चिडली की तिनं एका बाईच्या भुवया अंमळ जास्तच कोरल्या. तिला त्याचा पश्चात्ताप झाला नाही.

दुसरी तारीख उजाडली. तीच खोली, तोच पंखा, तोच पडदा. न्यायाधीशांची सर्दी बरी झाली होती. वहिनी मागच्या बाकावर बसली.

साखरपेऱ्या उठला. "ताई, मागच्या वेळी तुम्ही सांगितलंत, की तुम्हाला मनात आलं असतं तर निघून येता आलं असतं. खरं ना?"

लवंगीनं मागे वळून पाहिलं. वहिनीनं मान हलवली नाही. श्वासही घेतला नाही.

"नाही," लवंगी म्हणाली. "दाराला बाहेरून कुलूप असायचं."

टायपिंगवाल्या मुलीची बोटं क्षणभर अडली. वकिलाचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बारीक झाले. "अस्सं! मागच्या वेळी हो, आज नाही. मधल्या काळात घरी कुणी शिकवलं वाटतं? तुमच्या या वहिनींनी?"

लवंगी म्हणाली, "हो."

संपलं! सरकारी वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. वकिलानं न्यायाधीशांकडे विजयानं पाहिलं. तिथंच तो थांबला असता तर बरं झालं असतं त्याच्यासाठी. पण मोह कुणाला आवरतो? वहिनीला कधी आवरला होता का!

"काय काय शिकवलं, ते सांगा की कोर्टाला," तो म्हणाला.

"नाही म्हणायला शिकवलं."

"कशाला नाही म्हणायला?"

"कंगव्याला," लवंगी म्हणाली. "खिडकीला. आणि भाजीला. जळली होती."

न्यायाधीश पुढे झुकले. वकील घाईघाईनं म्हणाला, "माझे प्रश्न संपले," पण न्यायाधीशांनी हात वर केला. त्यांच्याही चेहऱ्यावर तेच होतं जे वहिनीच्या पोटात महिनोन्‌महिने घर करून बसलं होतं. "थांबा. मला समजून घ्यायचंय. नाही म्हणायला शिकावं का लागलं तुम्हाला?"

लवंगी आधी पडद्याकडे वळली, मग न्यायाधीशांकडे.

"तिथं नाही म्हटलं तर मला काही करायचे नाहीत," ती म्हणाली. "जी शेजारी उभी असेल तिला मारायचे. माझ्यादेखत. आधी मी खूप नाही म्हणायचे. लहानपणापासूनची सवय. माझ्या शेजारी एक मुलगी झोपायची. तिचा हात मोडला माझ्या नाहीमुळे. मग मी कधीच नाही म्हटलं नाही."

टायपिंगवाल्या मुलीनं वर पाहिलं.

"आणि मागच्या तारखेला?" न्यायाधीशांनी विचारलं. आवाज खाली आला होता त्यांचा.

"वहिनी बसली होती ना मागे," लवंगी म्हणाली.

वहिनीला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती हसून हसून मान हलवत होती, बोल बोल म्हणत होती, धीर देतेय म्हणून स्वतःवरच खूश होती. आणि ही पोर दर प्रश्नाला वळून बघत होती, की वहिनीला मार तर बसणार नाही ना. वहिनीला वाचवायला हो म्हणत होती. वहिनीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, कारण कोर्टात रडायचं नाही असं वकीलबाईंनी सांगून ठेवलं होतं. काही उपयोग झाला नाही.

"आज नाही म्हणालात. आज वाटली नाही भीती?" न्यायाधीशांनी विचारलं.

लवंगीनं वळून वहिनीकडे पाहिलं. ओल्या तोंडाच्या, नाक लाल झालेल्या, पण धडधाकट वहिनीकडे. "वाटते अजून," ती म्हणाली. "पण घरी मी पुष्कळदा नाही म्हणून बघितलं. कुणाला काही झालं नाही."

न्यायाधीशांनी टायपिंगवाल्या मुलीला सांगितलं, "जसंच्या तसं घ्या." मग त्यांनीच विचारलं, "आणि तुम्ही स्वखुशीनं गेलात, असं म्हणाला होतात?"

"कामाला स्वखुशीनं गेले, साहेब. कोंडून घ्यायला नाही."

पडद्यापलीकडून या वेळी कुणी घसा खाकरला नाही.

बाहेर वकीलबाई पहिल्यांदाच घाईत नव्हत्या. म्हणाल्या, निकालाला अजून अवकाश आहे, बाकीचे साक्षीदार आहेत, तो माणूस वरच्या कोर्टातही जाईल. "पण हे आता कागदावर आलंय. ते कुणाला खोडता यायचं नाही." मग वहिनीकडे चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "भाजी खरंच जळली होती?"

"थोडी," वहिनी म्हणाली.

पुढच्या रविवारी पार्लर बंद होतं. नवरा दारात चहाचा कप घेऊन उभा होता. लवंगी स्वतःहून खुर्चीत येऊन बसली. "टोकं काप," ती म्हणाली. "बोटभर. जास्त नाही."

वहिनीनं टॉवेल गुंडाळला, पाण्याचा फवारा मारला, कंगवा घेतला, लाल. केस हातात आले आणि तिचं जुनं दुखणं उफाळून आलं. कोर्टात कळलं होतं ते एवढंसं, आणि न कळलेलं केवढं तरी. ती हात मोडलेली मुलगी कोण? कुठं असेल आता? सोडवलेल्या बायकांत होती का? आणि बाकी सगळं? किती महिने पोटात दाबून ठेवायचं माणसानं! आता तर खटल्यातली साक्षही झाली. तिनं नवऱ्याकडे पाहिलंच नाही, म्हणजे त्याचे वटारलेले डोळे दिसायला नकोत.

"लवंगी," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "तिथं काय काय झालं, मला सांगशील का गं?"

दारातला कप बशीवर वाजला.

लवंगीनं आरशात वहिनीच्या डोळ्यांत पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

वहिनी वाट बघत राहिली. नजर आता दाराकडे जाईल, भावाकडे, म्हणून वाट बघत राहिली. नजर कुठंच गेली नाही. तिथंच होती, आरशात, वहिनीच्या डोळ्यांवर, जराशी मिस्कील, लहानपणीच्या कहाण्यांतली असावी तशी.

"बरं," वहिनी म्हणाली. तिच्या पोटातला गोळा होता तिथंच राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो तिला जड वाटला नाही. तिनं बोटभर माप धरलं आणि कात्री चालवली.